पोकळ क्रूस

दारू पिऊन गाडीखाली माणूस चिरडला थोरल्याने. पण त्याला बायकापोरं, म्हणून सडाफटिंग धाकट्याने गुन्हा अंगावर घेऊन सात वर्षं तुरुंगात काढली. तिथे सुतारकाम शिकला. सुटून आला तेव्हा चर्चच्या नाटकात थोरला येशू झालेला. म्हणाला, "क्रूस तूच कर, पण आतून पोकळ हं. माझी पाठ धरते." "दादा, आता तरी आईला खरं सांग." "नाटक झालं की लगेच!" प्रयोगात थोरल्याने पोकळ क्रुसावरून अख्ख्या जगाला क्षमा केली, तेव्हा पाद्रीबाबांनीही डोळे पुसले. पडदा पडताच थोरला आईपाशी आला. आईने हुंदका आवरत धाकट्याला ढोसलं, "बघ मेल्या, दुसऱ्याचं पाप अंगावर घेणं म्हणजे काय! शीक दादाकडून." थोरल्याने लाल रंगाने माखलेला तळहात धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. "जाऊ दे गं आई, मी केव्हाच माफ केलंय त्याला."