संहितेबाहेरचं वाक्य

"जिन्यात कोणाशी हसत होतीस?"

हे वाक्य संहितेत नव्हतं. विंगेत स्टुलावर बसलेल्या प्रॉम्प्टरबाईचं बोट ओळीवरून सरकत होतं, ते तिथेच थबकलं. खरं तर सरदाराने म्हणायचं होतं, "माझ्या डोळ्यांत बघ," आणि मग नायिकेने रडायचं होतं. पण नायिका गोंधळून दिग्दर्शकाकडे बघत होती. आणि सरदाराचं काम करणारा नट, म्हणजे प्रॉम्प्टरबाईचा नवरा, नायिकेकडे बघतच नव्हता. तो विंगेकडे बघत होता.

"बोल ना. जिन्यात. त्याच्याशी. एवढं काय... दात काढायला..." त्याचा आवाज फाटला.

रिकाम्या खुर्च्यांमधून दिग्दर्शकाच्या टाळ्या ऐकू आल्या. "वा! हेच! किती दिवस हेच मागतोय मी!" तो धावतच रंगमंचाशी आला. "अरे, मत्सर म्हणजे ओरडणं नव्हे. पहिल्या अंकात हा सरदार कसा बोलतो? घडीव, डौलदार, लांबच लांब वाक्यं. संशय शिरला की तीच वाक्यं मोडतात. क्रियापद सापडत नाही त्याला. आज मोडली! ते जिन्याचं ठेवू या. चला, चहा घ्या."

प्रॉम्प्टरबाई उठली नाही. वाक्यं काय आजच मोडली होती? घरी आठवडाभर तिच्या कानांवर हेच तुकडे पडत होते. "उशीर... म्हणजे, झाला का?" "ही साडी. आजच?" तिला वाटलं होतं, भूमिका डोक्यात भिनलीय बिचाऱ्याच्या. त्याची तंद्री मोडू नये म्हणून ती घरात मांजरीच्या पावलांनी वावरत होती. वर त्याचं कौतुक वाटत होतं, ते वेगळंच!

आणि जिन्यातलं ते आठवड्यापूर्वीचं हसणं? लाइटवाल्याच्या हातून जेवणाचा डबा सुटला, ठणाठण उड्या मारत खाली गेला आणि नेमका व्यवस्थापकाच्या पायाशी जाऊन उघडला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी गेल्यावर नवऱ्याला साग्रसंगीत सांगायचं असं तिने ठरवलंही होतं. पण तो आला तोच तोंड पाडून, आणि सांगायचं राहिलं.

"वहिनी, चहा."

नवऱ्याचा मित्र दोन कप घेऊन उभा होता. नाटकात सरदाराच्या कानात विष ओतणारा, हाताखालचा माणूस तो करत होता. घरी मात्र दिवसाआड जेवायला असायचा.

"रागावू नका हं," तो हसत म्हणाला. "सरच म्हणाले, हा फार थंड आहे, जरा पेटव याला. म्हटलं, आपल्याच घरचा माणूस आहे, पेटवतो. आत्ता सांगून टाकलं त्याला सगळं. साफ!"

त्याच्या मागोमाग नवरा आला. घामाने निथळत होता आणि हसतही होता. "पार मामा बनवलं गं मला या नालायकाने. जीव भांड्यात पडला बघ." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने मित्राकडे बघितलं. "तेव्हा काय सांगितलं होतंत तुम्ही याला, भाऊजी?"

"कुठे काय? शप्पथ, एक शब्द खोटा बोललो नाही. जिन्यात तुमचं हसणं ऐकू आलं. हा म्हणाला, आमच्या बाईसाहेब आज खुशीत दिसतात. मी म्हटलं, 'हं.' हा म्हणाला, हं काय? मी म्हटलं, 'काही नाही.'"

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

ती नवऱ्याकडे वळली. "एवढंच?"

"अगं, तो ज्या पद्धतीने म्हणाला ना..."

"मला का नाही विचारलंस?"

त्याने तोंड उघडलं, पण वाक्य काही जुळेना.

तिने खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला. भाऊजींनी फसवलं याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. दोन घटका राग येईल आणि जाईल. पण इतकी वर्षं ज्या भरवशावर ती निर्धास्त झोपली, तो तिच्यावरचा भरवसा याच्याकडे नव्हताच. ती खरी फसवणूक होती, आणि ती त्याची त्यालाही ठाऊक नव्हती.

"पहिल्या अंकापासून घेऊ!" दिग्दर्शक ओरडला. "दरबाराचा प्रवेश!"

दिवे लागले. भरल्या दरबारात सरदार बायकोच्या बाजूने उभा राहतो, तो प्रवेश. यातलं वाक्य नवऱ्याचं फार लाडकं. आंघोळ करताना मोठमोठ्याने म्हणायचा. आज तो पुढे आला, हात उंचावला आणि गप्प झाला.

"प्रॉम्प्ट!" खालून आवाज आला.

एरवी एक शब्द दिला की त्याची गाडी सुसाट सुटायची. "सभाजनहो," तिने दिलं.

"सभाजनहो," तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला.

"जिने माझ्यासाठी," तिने दिलं.

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. कपाळावरचा घाम भुवयांवर उतरला होता.

शेवटी ओळीखाली बोट धरून तिला सगळं वाक्य द्यावं लागलं, कोणाही नटाला द्यावं तशा सपाट आवाजात: "सभाजनहो, जिने माझ्यासाठी बापाचं घर सोडलं, तिच्या शब्दाला मी साक्षीदार मागणार नाही."