चंद्रोदय नऊ एकवीस

संध्याकाळचे सात वाजायला चार मिनिटं होती, आणि चंद्र उगवणार होता नऊ एकवीसला. मोदकांचं ताट पुढ्यात घेऊन वैजयंता घड्याळाकडे बघत होती.

वजन उतरावं म्हणून तिने सोमवारी कानामागे चिप बसवून घेतली होती. सातनंतर घास ओठांजवळ आला की जबडा आपोआप घट्ट मिटायचा, तो सकाळपर्यंत. चिपसाठी ‘सातनंतर खाणं बंद’ ही सवय निवडताना तिला संकष्टी आठवलीच नव्हती. त्यात वजनापायी साबुदाण्याची खिचडीही बंद. सकाळपासून पोटात नुसता बिनसाखरेचा चहा होता.

“आत्ताच खा, वैजू,” सासूबाई म्हणाल्या.

“चंद्र बघितल्याशिवाय? एकवीस वर्षांत कधी उपास मोडला नाही हो, आई.”

“माझा तर चाळीस वर्षांत नाही.” सासूबाईंनी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली आणि मोदकाचा घास खाल्ला. “हा बघ, मोडला. आता तरी खा.”

वैजयंताने डोळे पुसले आणि मोदक उचलला.

“थांब, कोरडा नको खाऊस,” म्हणत सासूबाई लगबगीने आत गेल्या आणि तुपाची वाटी घेऊन आल्या. मोदक फोडून त्यांनी त्यावर तूप सोडलं आणि घास तिच्या ओठांशी नेला.

तिचा जबडा घट्ट मिटला.