पाचवी रास

"हे पाचवं पाऊल संततीसाठी," गुरुजींनी माइकवरून अर्थ सांगितला आणि नवरीचा उजवा पाय तांदळाच्या पाचव्या राशीवर अधांतरीच राहिला.

"गुरुजी, हे नाही टाकलं तर?"

मांडवात खसखस पिकली. वरमाईचा चेहरा मात्र उतरला.

"सहा पावलांची सप्तपदी होत नाही, बाळ," गुरुजी हसून म्हणाले. नवरदेव तिच्या कानात काहीतरी पुटपुटला, तेव्हा कुठे तिने राशीच्या कडेला अलगद अंगठा टेकवला.

गुरुजींना राग नाही आला, नवल वाटलं. पूर्वी ते नुसते मंत्र म्हणायचे आणि सातही पावलं भराभर पडायची. हल्ली लोकांना प्रत्येक मंत्राचा अर्थ हवा असतो. तो सांगू लागल्यापासून बऱ्याच नवऱ्या नेमक्या याच राशीशी अडखळत होत्या.

घरी आल्यावर ते वाल सोलत बसलेल्या बायकोपाशी टेकले. मुलाची वाट बघता बघता झालेल्या चौघी लेकी केव्हाच सासरी गेल्या होत्या.

"तुला ठाऊक होता का गं, पाचव्या पावलाचा अर्थ?"

"छे! मी आपली अष्टपुत्री साडीत पाय अडकू नये म्हणून खाली बघत होते."

"आणि कळला असता, तर थांबली असतीस?"

तिचे हात थबकले.

"तिथे कशाला थांबेन? लेकरं हवीच होती मला. तिसरीनंतर थांबायचं होतं," ती म्हणाली. "तेव्हा नाही विचारलंत."