गांजाच्या रोपापुढची सांजवात

परसातल्या काचघरात गांजाचं रोप द्रौपदाबाईच्या खांद्याला लागलं होतं, पण अजून त्याला एकही कळी नव्हती. दुखणं शमवणाऱ्या गोळ्या कुणालाच लागू पडेनाशा झाल्या होत्या. आता दवाखान्यातून ज्याच्या त्याच्या रक्तावर बेतलेलं एकच रोप मिळे, आणि औषध असे ते त्याच्या फुलात. हे रोप तिच्या नवऱ्याचं, भिकाजीचं होतं.

रोप तपासायला दवाखान्यातून आलेल्या मुल्लाबाई वाकल्या. "मावशी, कुंडीवर ही काजळी कसली?"

"दिवा लावते की रोज तिन्हीसांजेला. तुळशीला लावते, मग ह्यानं काय घोडं मारलंय? दोन ओव्याबी म्हणते."

मुल्लाबाईंनी काजळीवरून बोट फिरवलं. "अहो, सलग बारा तास मिट्ट अंधार मिळाला तरच हे फुलतं. म्हणून तर पाचला पडदा ओढायला सांगितलं. दिव्याएवढा उजेडही याला जागं ठेवतो."

"मग आजपास्नं नाही लावत."

"तरी फूल पिकायला दहा आठवडे लागतील, मावशी."

डॉक्टरांनी भिकाजीचे तीनच आठवडे उरल्याचं सांगितलं होतं.

तेवढ्यात घरातून कण्हत हाक आली, "अगं, धरली का कळी?"

द्रौपदाबाईने पदर तोंडाशी घट्ट धरला, मग सोडला. "धरली की! चांगली टपोरी धरलीय."

"मग सोसतो अजून थोडं," तो म्हणाला.