ल की म

सकाळपासून कोडेकाका फोनकडे बघत होते आणि फोन काकांकडे. दोघांपैकी कोणीच तोंड उघडत नव्हतं.

वर्तमानपत्रातल्या आजच्या शब्दकोड्यात चूक होती आणि ती काकांनी मुद्दाम घातली होती. काच आणि वात असलेला दिवा म्हणजे कंदील, हा आडवा शब्द. मधमाश्या साठवतात तो मध, हा उभा. दोन्ही शब्द एकाच चौकोनात येऊन भिडत होते, आणि तिथे कंदिलाला हवा होता ल, मधाला म. तो चौकोन भरणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. ज्या माणसाने डोळ्यांत तेल घालून वेलांट्या जपल्या, त्याने आपल्याच हाताने असली घाण करायची म्हणजे कमालच. पण काकांनी केली होती, आणि तीही संपादकांना सांगून.

संपादक म्हणजे त्यांच्या लेकीच्या वयाची बाई. वाईट नव्हती. काल तिने काकांना बसायला लावून, पाणी विचारून मग सांगितलं होतं, की तुमच्या कोड्याला विषयच नसतो, हल्ली लोकांना सिनेमाचं कोडं लागतं, खेळाचं लागतं, आणि खरं सांगायचं तर तुमचं आता कोणी सोडवतही नाही. काका म्हणाले, माणसाच्या दिवसाला तरी कुठे विषय असतो? उठायचं आणि पुढे येईल ते भरायचं. ती हसली. ते हसणं काकांना लागलं आणि ते इरेला पेटले. म्हणाले, उद्याच्या कोड्यात चूक घालतो. संध्याकाळपर्यंत एकाही वाचकाने फोन केला नाही तर कोडं बंद करा, विषय संपला.

पूर्वी एक वेलांटी चुकली तरी फोन घेणाऱ्याला जेवायला उसंत मिळत नसे. आज सकाळ गेली, दुपारही गेली. मध्ये एकदा फोन वाजला तेव्हा काकांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. कोणाला तरी जुनं कपाट विकायचं होतं आणि जाहिरात कुठे द्यायची ते विचारायचं होतं. काकांनी नीट सांगितलं आणि परत उद्याच्या कोड्यावर वाकले. ते कोडं छापलं जाणार की नाही याचाच पत्ता नव्हता, पण हाताला सवय. उजवीकडचा खालचा कोपरा काही जमत नव्हता. एक शब्द बसवला की शेजारचा उठत होता.

टेबलं रिकामी व्हायला लागली. जाणारे जाता जाता "येतो काका" म्हणत होते. पैजेचं कोणाला माहीत नव्हतं, तेवढी तरी अब्रू शाबूत होती. इतकी वर्षं आपण भिंतीशी बोललो की काय, असं काकांच्या मनात आलं आणि एकदा आल्यावर ते काही केल्या जाईना.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

बायको होती. ती ऑफिसात कधी फोन करत नसे.

"मला काय धाड भरलीय?"

"मग त्या चौकोनात ल लिहू की म? ल लिहिला तर मधाचं लध होतंय, म लिहिला तर कंदीम. खोडून खोडून कागद फाटला. आधी वाटलं, माझंच डोकं चालत नाहीये. तुमची चूक कशी होईल? आणि मग भीतीच वाटली."

काकांना आधी काही कळेचना. घरात वर्तमानपत्र येतं, आपण चाळून ठेवलं की रद्दीत जातं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तू कधीपासून सोडवतेस, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही घरी बोलायचं सोडलंत तेव्हापासून," ती म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं इतक्या सहज. मग सांगत राहिली. तुम्ही बाहेर पडलात की मी कोडं घेऊन बसते. त्यात ओहोटी आली, काळोख आला, की समजते, आज यांच्या वाटेला जायचं नाही. मागे एकदा झोका आला होता, तेव्हा दिवसभर कसं बरं वाटलं होतं. "विचारलं तर तुम्ही नुसतं हं म्हणता. मग कसे आहात ते मला दुसरं कुठून कळणार?"

काकांना गलबलून आलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण दारात संपादकबाई येऊन उभी होती, खांद्याला पिशवी लावून, घरी निघालेली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच आशा होती.

"आला फोन? वाचकाचा?"

काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला. हो म्हटलं की काम झालं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अख्ख्या गावात मिळून एक वाचक, आणि तीही स्वतःची बायको, हे या मुलीला सांगायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"नाही," ते म्हणाले. "घरचा आहे."

तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, उद्यापासून सिनेमाचं लावते, पण तुम्ही चहाला येत जा, काका. आणि गेली.

काकांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"कोण होतं हो?"

"कोणी नाही. ऑफिसातलं."

"बरं. जाऊ दे तो चौकोन," बायको म्हणाली. "उद्याचं तेवढं नीट घाला. मी वाट बघते."

"हं," काका म्हणाले.