सातवं पिंप

गोदामातलं सातवं पिंप एका हिवाळ्यात निम्मं झालं होतं. पिंपातली थोडी व्हिस्की दरवर्षी उडून जातेच, तिला व्हिस्की गाळणारे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. पण निम्मं पिंप? असले हावरट देवदूत गोदाम सांभाळणाऱ्या इशबेलने बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नव्हते. रोज पिंपांवर बोटांनी ठोकून ती आवाज ऐकायची. भरलेलं बद्द वाजतं, रिकामं घुमतं.

सोमवारी मालकाला चोराचं नाव द्यायचं, नाहीतर तिचीच नोकरी जाणार. गोदामाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्याकडे, दुसरी तिच्या धाकट्या दिराकडे, टॉर्किलकडे. म्हणून रविवारी ती त्याला डोंगरावर घेऊन गेली. चढावर भल्याभल्या दारुड्यांचं बिंग फुटतं.

बर्फ नुकताच वितळला होता. माळावर टिटव्या ओरडत होत्या. इशबेलला धाप लागली. टॉर्किलला लागलीच नाही.

"खरं सांग मेल्या, किती ढोसलीस?"

"थेंबभरही नाही, वहिनी. हवं तर तोंडाचा वास घे."

वास खरंच नव्हता.

"मग काय हा डोंगर खाली उतरून पिऊन गेला?"

"देवदूतांना विचार की!" तो हसत पुढे निघाला.

संतापून तिने त्याच्या पाठीत बोटांनी ठोकलं.

पाठ घुमली.

टॉर्किल वळला. अजून हसतच होता.

"आता तू वळ, वहिनी. तुझीही बघू."

त्याने तिच्या पाठीवर दोनदा ठोकलं, आणि बावीस वर्षांच्या सवयीने इशबेलने कान दिला. पाठ बद्द वाजली.