अर्धवट कॅसेट

"काका, या रॅकपुढे एक फोटो काढतो हं," म्हणत पाटणकरांचा श्रीरंग माझ्या बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीत घुसला. असले हौशे हल्ली दर रविवारी येतात. धूळ खाल्लेली कॅसेट छातीशी धरतात, डोळे ओले करतात आणि पाच मिनिटांत पसार होतात.

"काय दिवस होते! सगळं घर एकत्र बसून सिनेमा बघायचं."

खोटारडा! कॅसेट जिथे बंद केली तिथेच थांबून परत येते, त्यामुळे कोणत्या घरी किती सिनेमा पाहिला ते मला न विचारता कळायचं. यांच्या कॅसेट कायम शेवटाआधीच थांबलेल्या असायच्या. याच्या बापाला सिनेमाचा राग, आणि राग आला की तो बायकोवर हात उचलायचा. त्याची स्कूटर वाजली की ती घाईघाईने कॅसेट काढून पिशवीत लपवायची. दुसऱ्या दिवशी परत देताना हळूच विचारायची, "शेवटी काय झालं हो भाऊ?"

सिनेमात सगळे मेलेले असले तरी मी सांगायचो, "सगळं चांगलं झालं, वहिनी."

"आई गेल्या वर्षी गेली," फोन पुसत श्रीरंग म्हणाला. "बाबांना सोड म्हटलं की म्हणायची, थोडं सोसलं की शेवट चांगलाच होतो, भाऊंच्या सगळ्या सिनेमांत होतो. या ना काका, तुमचाही एक फोटो काढतो."

मी पाठ फिरवली. त्याच्याहून मोठा खोटारडा त्या फोटोत नको होता.